पानांच्या काढ्यातली चांदी आणि भातगिरणीतले तूस

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आला की वनस्पतींपासून नॅनोकण (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात, म्हणजे नॅनोमीटरात मोजायचे अतिसूक्ष्म कण) तयार केल्याच्या बातम्या दैनिकांच्या जिल्हा पानांवर दिसू लागतात. कुठे आंब्याची पाने, कुठे काजूची, कुठे कोकमाची साल, आणि तयार होतात ते बहुतेक वेळा चांदीचे नॅनोकण. मुले मनापासून मेहनत करतात, त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र ‘पर्यावरणपूरक पद्धत’ हा दावा सहसा एवढ्याच आधारावर केला जातो की घातक रसायनाच्या जागी पान वापरले. तेवढ्याने दावा सिद्ध होत नाही. वीज किती लागली, पाणी किती वापरले, उरलेली चांदी कुठे ओतली, हे मांडावे लागते. तसे मांडले तर कोकणातल्या शाळा-महाविद्यालयांसाठी चांदीपेक्षा कितीतरी योग्य पदार्थ समोर येतो, आणि तो म्हणजे भाताच्या तुसातली सिलिका. दोन्हींबद्दल करून पाहता येईल इतक्या तपशिलात लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, जागा द्यावी ही विनंती.

आधी चांदीचे पाहू. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात चांदी आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या, रूपात असते. आयनांना इलेक्ट्रॉन देणारे काही भेटले की चांदीचे अणू बनतात, अणू एकत्र येऊन कण तयार होतो, आणि त्या कणाला वेळेत आवरण मिळाले नाही तर तो वाढत जाऊन तळाशी बसतो. म्हणजे क्षपण (आयनांना इलेक्ट्रॉन देणे) आणि आवरण अशी दोन कामे झाली पाहिजेत. पानांतली टॅनिने, इतर पॉलिफेनॉले, शर्करा आणि प्रथिने मिळून ही दोन्ही कामे करतात. क्षपणासाठी एरवी वापरले जाणारे विषारी बोरोहायड्राइड टाळता येते, हा या पद्धतीचा खरा फायदा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ साली गवती चहाच्या काढ्यातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण मिळवले, तेव्हापासून या वाटेकडे जगाचे लक्ष अधिकच वेधले गेले. पण सौम्य पद्धती त्याआधीही होत्या. सोडियम सायट्रेट आणि उकळते पाणी एवढ्यावर सोन्याचे नॅनोकण करण्याची टर्केविच यांची पद्धत १९५१ सालची आहे. ग्लुकोजने क्षपण आणि स्टार्चचे आवरण ही चांदीसाठीची पद्धत २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पानही लागत नाही, आणि घटक शुद्ध असल्याने आज आला तोच निकाल उद्याही येण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. शाळेला चांदीच करायची असेल तर आमचा कौल ग्लुकोज-स्टार्चला आहे.

तरीही पान वापरायचेच असेल तर प्रमाणे अशी ठेवावीत. ताजी, निरोगी, ना कोवळी ना जून अशी पाने १० ग्रॅम घ्यावीत. आधी साध्या आणि शेवटी दोनदा ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन बारीक चिरावीत. १०० मिलीलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ६० ते ७० अंश सेल्सिअसला १५ मिनिटे ठेवावीत, खळाखळा उकळू नयेत. गाळणकागदातून गाळून काढा फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवावा आणि आठवड्याच्या आत संपवावा. कोकणच्या दमट हवेत तो बाहेर राहिला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो, आणि मग क्षपण नेमके कशाने झाले ते सांगता येत नाही. सिल्व्हर नायट्रेटचे १ मिलिमोलर द्रावण म्हणजे १०० मिलीलिटर पाण्यात १७ मिलिग्रॅम. ते तपकिरी बाटलीत ठेवावे. ९० मिलीलिटर द्रावणात १० मिलीलिटर काढा थेंबाथेंबाने, ढवळत घालावा. रंग फिकट पिवळ्यापासून पिवळसर तपकिरी होत गेला, आणि वर्णपटमापकावर ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान शोषणाचा उंचवटा दिसला, तर चांदीचे नॅनोकण झाले असण्याची शक्यता चांगली. उंचवटा रुंद होत उजवीकडे सरकू लागला तर कण मोठे होत आहेत किंवा एकमेकांना चिकटत आहेत.

कोकणात या प्रयोगाचे सर्वांत जास्त नुकसान मीठ करते. मिठातले क्लोराइड चांदीशी मिळून सिल्व्हर क्लोराइड बनते, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. १ मिलिमोलर द्रावणात लिटरमागे सुमारे ०.००६ मिलिग्रॅम क्लोराइड आले तरी साका (न विरघळणारा गाळ) पडण्याची अट पूर्ण होते. लिटरमागे ३५.५ मिलिग्रॅम क्लोराइड असेल तर जवळपास सगळी चांदी क्लोराइडमध्ये अडकते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे पिण्यास उत्तम असलेले विहिरीचे पाणीही या प्रयोगाला चालत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळपणा येतो, आणि पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (जंतुनाशक ब्लीचिंग) पावडर टाकते, त्यातूनही क्लोराइड वाढते. पावसाचे पाणी स्वच्छ म्हणून ते वापरावे असे अनेकांना वाटते. पण समुद्राकाठच्या पावसात समुद्राचे मीठ असतेच. लिटरला साडेतीन मिलिग्रॅम क्लोराइड धरले तरी दहावा हिस्सा चांदी गेली. पागोळीचे पाणी पाने आणि भांडी धुण्याच्या पहिल्या हातासाठी जरूर वापरावे. द्रावणासाठी आणि शेवटच्या हातासाठी ऊर्ध्वपातितच हवे.

सिल्व्हर क्लोराइड उजेडात जांभळट करडे, मग तपकिरी होत जाते. काढ्याचा मूळ रंग त्यात मिसळला की रंग बदलला म्हणून नॅनोकण झाले असा समज होतो. कोकमाच्या बाबतीत हे हमखास घडते, कारण घरात असते ते आगळ किंवा आमसूल, आणि दोन्हींत मीठ असते. कोकम घ्यायचे तर हंगामात बिनमिठाची साल उन्हात सुकवून ठेवावी. शिवाय कोकमाचा काढा चांगलाच आम्लधर्मी असतो आणि आम्लात क्षपण रेंगाळते. त्यासाठी खायच्या सोड्याचे विरळ द्रावण थेंबाथेंबाने घालून सामू (पीएच) ८ च्या आसपास आणावा. मात्र त्यावर गेल्यास सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी साका येण्याचा धोका असतो. कोकमाच्या सालीतले अँथोसायनिन हे रंगद्रव्य सामू बदलताच स्वतःच रंग बदलते, म्हणून केवळ डोळ्यांनी दिसलेल्या रंगावर इथे अजिबात विसंबू नये. समुद्रशैवालाच्या काढ्यातही क्लोराइड भरपूर असते. त्यातून मिळालेल्या पांढुरक्या गाळाला चांदीचे नॅनोकण म्हणण्याआधी क्ष-किरण विवर्तन (स्फटिक कोणत्या पदार्थाचा ते ओळखण्याची चाचणी) पाहावे. तांब्याच्या नळीचे किरण वापरले तर धातुरूप चांदीची शिखरे ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांना येतात, सिल्व्हर क्लोराइडची २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशांना. हे यंत्र हाताशी नसेल तर थोडा गाळ हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) द्रावणात टाकावा. क्लोराइड विरघळते, धातू तसाच राहतो. याच कामासाठी अमोनियाही पुस्तकात दिलेला असतो, पण चांदी आणि अमोनिया यांचे मिश्रण ठेवून दिले तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. शाळेत हायपोच वापरावा.

प्रत्येक प्रयोगासोबत दोन कोऱ्या नळ्या असल्याच पाहिजेत. एकीत काढा आणि चांदीच्या जागी नुसते पाणी, दुसरीत चांदी आणि काढ्याच्या जागी नुसते पाणी. तिन्ही नळ्या एकाच उजेडात, एकाच तापमानाला, तेवढाच वेळ ठेवायच्या. काढा स्वतःच उभ्याउभ्या काळवंडतो, आणि उन्हात ठेवल्यावर काय बदलले ते कोऱ्या नळ्यांशिवाय कळत नाही. लेझर पेनचा किरण द्रावणात चमकला हा पुरावा म्हणून दाखवला जातो. गाळलेल्या साध्या काढ्यातही तो चमकतो. जिवाणूंवरचा परिणाम दाखवायचा असेल तर तेवढीच चांदी असलेले साधे सिल्व्हर नायट्रेट शेजारी ठेवायला हवे, कारण उरलेले चांदीचे आयनही जिवाणू मारतात.

आता उरलेल्या द्रावणाचे. १ मिलिमोलर द्रावणात लिटरमागे १०८ मिलिग्रॅम चांदी असते. पिण्याच्या पाण्यातल्या चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. एक लिटर द्रावण बेसिनमध्ये ओतले तर त्याला त्या मर्यादेखाली आणायला हजाराहून अधिक लिटर पाणी लागेल. आपल्याकडचे सांडपाणी पऱ्ह्यातून खाडीत जाते. कालवे आणि तिसऱ्या हे खाडीतले शिंपले पाणी गाळून खातात आणि त्यांच्या अंगात चांदी साठत जाते, हे शिंपल्यांच्या बाबतीत चांगले अभ्यासलेले आहे. सूक्ष्म शैवालांना आणि पाण्यातल्या बारीक कवचधारी जिवांना तर ती फारच कमी प्रमाणात घातक ठरते. म्हणून चांदीचे एकही द्रावण, धुवणसुद्धा, नाल्यात जाऊ नये. सगळे एका काचेच्या बरणीत जमवावे, त्यात खायचे मीठ घालून ढवळावे आणि रात्रभर ठेवावे. आयनरूप चांदी पांढऱ्या गाळाच्या रूपात खाली बसते. आवरण असलेले नॅनोकणही मिठाने बऱ्याच अंशी एकत्र येऊन बसतात. मीठ मात्र अंदाजाने पसाभर टाकू नये. क्लोराइड फार जास्त झाले तर थोडी चांदी पुन्हा विरघळते. लिटरला दोन ग्रॅम पुरे. वरचे पाणी निवळल्यावर गाळून घ्यावे. साठलेला गाळ सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ग्लुकोजसह गरम केला की करडी धातुरूप चांदी परत मिळते, पण हे काम हातमोजे आणि चष्मा घालून शिक्षकांनीच करावे. कण आंब्यावर किंवा भाजीवर फवारून पाहण्याचे प्रयोग तर शाळेने करूच नयेत. नॅनो-आधारित कृषी उत्पादनांच्या मूल्यमापनासाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, ती याच काळजीपोटी.

हिशेब मांडायला रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली मांडलेला ई-गुणक सोपा आहे. एक भाग उत्पादनामागे किती भाग कचरा झाला, एवढेच तो विचारतो. त्यात पाणी सहसा धरत नाहीत. वरच्या प्रयोगात ९० मिलीलिटरमध्ये चांदी फार तर ९.७ मिलिग्रॅम. १० ग्रॅम पानांचा काढा केला, त्यातला दहावा भाग वापरला आणि बाकीचा फेकला, तर पानांचाच ई-गुणक हजाराच्या घरात जातो. औषधनिर्मितीला कचरा फार होतो म्हणून ती नेहमी बोलणी खाते, तिथे हा आकडा साधारण २५ ते १०० असतो. पान कुजून माती होते आणि औषध कारखान्याचा कचरा होत नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मान्य करूनच बोलावे. पण पाणी धरले तर चित्र आणखी बिघडते. एक लिटर ऊर्ध्वपातित पाणी करायला, उष्णता वाया न जाता, सुमारे ०.७ युनिट वीज लागते, आणि वाफ थंड करायला नळाचे पाणी ३० अंशांनी तापू दिले तरी १८ लिटर वाहून जाते. एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या गावातल्या शाळेने हे पाणी नाल्यात सोडू नये. ते पिंपात साठवून भांडी घासायला किंवा झाडांना वापरता येते.

आता तुसाकडे येऊ. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस असते. तूस जाळले की त्याच्या १५ ते २० टक्के राख उरते आणि नीट जाळलेल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. एक किलो भातामागे सुमारे ३० ग्रॅम. भाताचे रोप जमिनीतून सिलिका शोषून तुसाच्या कवचात अतिसूक्ष्म कणांच्या रूपात साठवते, म्हणजे नॅनोरचना घडवण्याचे काम रोपानेच केलेले असते. आपल्याला फक्त भोवतीचा सेंद्रिय भाग काढायचा आहे, तोही कण वितळू न देता. चांदीसारखा महाग आणि विषारी धातू यात नाही.

तूस कुठून आणता यावर बरेच अवलंबून आहे. जुन्या हलरच्या गिरणीत तूस, कोंडा आणि कणी एकत्र पडते. कोंड्यात तेल आणि फॉस्फरस असतो आणि राख काळपट येते. रबरी रोलरच्या गिरणीतले सुटे, मोठ्या आकाराचे तूस घ्यावे. चाळणीतून माती आणि भुसा काढावा, मग पाण्यात घालून ढवळावे. तूस तरंगते, खडे आणि भरलेले दाणे तळाशी जातात. दोन-तीन पाण्यांनी धुऊन उन्हात वाळवावे. भात कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, त्यामुळे डिसेंबर ते मे हाच या कामाचा काळ. पावसाळ्यात ओले तूस पोत्यात राहिले तर त्याला बुरशी येते आणि नाकातोंडात जाणारी धूळ धोकादायक होते.

पुढची पायरी आम्लाची, आणि प्रयोगाचे यश तिच्यावर ठरते. तुसात पोटॅशियम असते. जाळताना पोटॅशियम आणि सिलिका मिळून कमी तापमानाला काचेसारखे वितळतात, त्या काचेच्या आत कार्बन कोंडला जातो आणि राखेत काळे ठिपके राहतात. एकदा कार्बन असा कोंडला की कितीही वेळ भाजा, तो जात नाही. तापमान वाढवले तर वितळणे वाढून ठिपके अधिकच पक्के होतात. म्हणून पोटॅशियम आधी काढायचे. बहुतेक ठिकाणी १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात तूस उकळतात. ते काम चोख होते, पण आम्लाच्या वाफा, गंजणारी भांडी आणि शेवटी क्लोराइडचे पाणी पदरी पडते. त्याऐवजी सायट्रिक आम्ल, म्हणजे वाण्याकडे मिळणारे लिंबूफूल, वापरावे. १०० ग्रॅम वाळलेल्या तुसाला एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल. ८० अंशांच्या आसपास एक ते दोन तास, अधूनमधून ढवळत. भांडे स्टीलचे किंवा काचेचे, ॲल्युमिनियमचे नको. मग गाळून कोमट पाण्याने धुवावे, शेवटच्या धुवणाचा सामू ६ च्या वर येईपर्यंत. इथेही शेवटचा हात ऊर्ध्वपातित पाण्याचा हवा. मचूळ पाण्याने धुतले तर काढलेल्या पोटॅशियमच्या जागी सोडियम आणून बसवल्यासारखे होते, आणि सोडियमही तसेच वितळवते.

आम्लाचे तेच द्रावण दोन-तीन खेपांना चालते. निकामी झाल्यावर चुन्याने उदासीन करून शेणखताच्या खड्ड्यात किंवा माडाच्या आळ्यात घालता येते, त्यातले पोटॅशियम झाडाच्या उपयोगाचेच असते. हायड्रोक्लोरिक आम्लाचे पाणी असे वापरता येत नाही. प्रदर्शनासाठी नवा विषय हवा असेल तर बिनमिठाच्या कोकम सालीचा अर्क सायट्रिक आम्लाच्या जागी किती पोटॅशियम काढतो हे मोजून पाहावे. त्यातले हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल याच जातीचे आहे. शेजारी साध्या पाण्यात उकळलेले तूस आणि सायट्रिक आम्लातले तूस ठेवले, तिन्ही एकाच वेळी भाजले, तर राखेच्या पांढरेपणातच फरक दिसायला हवा.

भाजणे दोन टप्प्यांत करावे. पहिला टप्पा उघड्यावर, पसरट लोखंडी कढईत किंवा मातीच्या परळात, धूर निघून जाईपर्यंत. तूस काळे होते आणि वजन निम्म्याहून खाली येते. दुसरा टप्पा मफल भट्टीत (प्रयोगशाळेतल्या बंद विजेच्या भट्टीत) ६०० ते ६५० अंशांवर दोन ते चार तास. थर एक-दोन सेंटिमीटरहून जाड नसावा आणि भट्टीचे हवेचे भोक उघडे असावे, नाहीतर वरचा थर पांढरा आणि आतला काळा राहतो. भट्टीचे तापमान मिनिटाला ५ ते १० अंशांनी चढवावे. ७०० अंशांच्या वर जाऊ नये, याला दोन कारणे आहेत. कण एकमेकांत वितळून पृष्ठफळ घटते हे एक. दुसरे जास्त गंभीर आहे: साधारण ८०० अंशांच्या पुढे, आणि पोटॅशियम राहिले असेल तर त्याआधीही, अस्फटिक सिलिकेचे स्फटिकरूप क्रिस्टोबलाइट होऊ लागते. स्फटिकरूप सिलिकेची धूळ फुप्फुसांत गेली की सिलिकोसिस होतो. तापमान दाखवणारा थर्मोकपल खरा आहे की नाही हे म्हणूनच तपासून घ्यावे. अस्फटिक राखही कुटताना एन-९५ मास्क लावूनच कुटावी. क्ष-किरण विवर्तनात २२ अंशांच्या आसपास एकच पसरट फुगवटा दिसला तर राख अस्फटिक आहे. टोकदार शिखरे दिसली तर ती खेप वापरू नये.

१०० ग्रॅम तुसामागे साधारण १५ ग्रॅम पांढरी पूड हाती येते. तिचे वजन ११० अंशांवर दोन तास वाळवून, लगेच करायचे. जुलैच्या हवेत ही पूड बघता बघता ओलावा ओढते आणि उतारा फुगलेला दिसतो. डोळ्यांना दिसणारे कण नॅनो नसतात, ते कणांचे पुंजके असतात. आतले मूळ कण काही दशक नॅनोमीटरांचे आणि त्यांच्यामधली छिद्रेही तितकीच बारीक असतात. ग्रॅममागे २०० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक पृष्ठफळ मिळू शकते. प्रदर्शनाच्या फलकावर हा फरक स्पष्ट लिहावा.

याहून बारीक, सुटे कण हवे असतील तर राख अल्कलीत विरघळवून पुन्हा साका पाडतात. १० ग्रॅम राख, ८० मिलीलिटर २.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, मग आम्लाने उदासीन करणे. यात सल्फ्युरिक आम्ल वापरले तर १० ग्रॅम सिलिकेमागे सुमारे १४ ग्रॅम सोडियम सल्फेट तयार होते, म्हणजे उत्पादनापेक्षा कचराच जास्त, आणि तो धुऊन काढायला पुन्हा पाणी. खास गरज नसेल तर या वाटेला जाऊ नये. कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान करण्याचेही तसेच आहे. टरफले मासळी बाजारात फुकट मिळतात, पण शेवटच्या पायरीला ४० ते ५० टक्के तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइड शंभर अंशांच्या आसपास लागते. ते धुवण कुठे सोडणार याचे उत्तर आधी हवे. तिसऱ्यांच्या कवचांचा चुना करताना १०० ग्रॅम कवचामागे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तोही मोजायला हवा.

तुसाच्या पद्धतीतही विजेचा हिशेब कठोरपणे मांडला पाहिजे. दोन किलोवॉटची भट्टी चार तास चालली आणि त्यातला निम्मा वेळ तार तापती राहिली, तर चार युनिट गेले. त्यात १०० ग्रॅम तुसाची एकच मूस (भाजण्याचे भांडे) ठेवली तर १५ ग्रॅम सिलिकेसाठी चार युनिट, म्हणजे किलोमागे अडीचशेहून जास्त. असे केले तर ही पद्धतही पर्यावरणपूरक म्हणता येणार नाही. उलट एक किलो तूस जळताना स्वतः १३ ते १५ मेगाज्यूल, म्हणजे जवळपास चार युनिटांइतकी उष्णता देते. पहिला टप्पा तुसाच्याच उष्णतेवर केला, ती उष्णता आम्लाचे पाणी तापवायला वापरली, आणि भट्टी काठोकाठ भरून चालवली, तर आकडा कितीतरी पटींनी खाली येतो. दोन-तीन शाळांनी आपापले धुतलेले, काळे केलेले तूस एका महाविद्यालयाच्या भट्टीत एकाच दिवशी भाजून घ्यावे. पावसाळ्यात मध्येच वीज गेली तर राख अर्धवट काळी राहते आणि थंड भट्टी पुन्हा तापवावी लागते, म्हणूनही हे काम मार्च-एप्रिलमध्ये उरकावे.

तयार सिलिकेचा सर्वांत जवळचा उपयोग ओलावा शोषण्याचा. कापडी पुडीत भरून काजूगराच्या डब्यात, सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत, औषधांच्या कपाटात ठेवता येते, आणि दमट झाली की १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येते. पुडी खाद्यपदार्थात फुटणार नाही अशी दुहेरी शिवावी. शेतासाठी मात्र नॅनो सिलिका करायची काहीच गरज नाही. जांभ्या जमिनीतून मुसळधार पावसाने सिलिका आणि क्षार हजारो वर्षे वाहून गेले आहेत, आणि सिलिका मिळालेले भात करपा आणि खोडकिड्याला अधिक तोंड देते. त्यासाठी गिरणीतली साधी काळी राख चिखलणीआधी शेतात पसरली तरी काम होते. तिथे आम्ल, भट्टी, ऊर्ध्वपातित पाणी यांतले काहीच लागत नाही, आणि हे शेतकऱ्याला स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रदर्शनांच्या परीक्षकांना आणि आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. अशा प्रत्येक प्रकल्पाला चार आकडे विचारावेत: किती ग्रॅम पदार्थ मिळाला, त्यासाठी किती युनिट वीज लागली, किती लिटर पाणी वापरले, आणि उरलेले द्रावण कुठल्या बरणीत आहे ते दाखवा. शेवटच्या प्रश्नाला बरणी दाखवता आली नाही तर त्या प्रकल्पाच्या बातमीतून ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द वगळावा. विजेचा आकडा काढायला साधा प्लग-मीटर पुरतो, आणि शाळेच्या कोणत्याही वर्गाला तो वाचता येतो.

आपले,
रसायनशास्त्राचे काही अध्यापक,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हे